पाण्याबाहेरची नातवंडं

१

त्या इमारतीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. झाडूवालीपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते मोजणीकाका. एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत मोजण्याचंच काम केलं होतं. कधी माशांची पिल्लं, कधी शेवाळाचे ठिपके, आणि गेले आठ महिने पाण्यातल्या गोगलगायी. त्यांची बायको म्हणायची, "यांना वाटाणे सोलायला दिले तर भांड्याबरोबर आकडाही देतात."

सकाळी साडेआठला ते खोलीचं कुलूप काढत. आधी दारातच उभं राहून हवेच्या पंपांची गुरगुर ऐकत. बाराही चालू आहेत अशी खात्री झाली की हात कोपरापर्यंत धुवायचे आणि पहिल्या टाकीपासून सुरुवात. जिवंत किती, मेलेल्या किती, काचेला अंड्यांचे पुंजके किती. वहीत आकडा, आकड्यापुढे सही.

प्रयोग तसा साधा होता. नदीच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. मोज्यांना, आतल्या कपड्यांना घामाचा वास येऊ नये म्हणून तिथे कापडाला चांदीचा लेप देत. लेपातले कण इतके बारीक की नेहमीच्या मायक्रोस्कोपखालीही दिसायचे नाहीत. कारखाना नऊ वर्षं बंद पडलेला होता आणि आता नवा मालक तो पुन्हा सुरू करणार होता. ते कण नदीत उतरले तर पाण्यातल्या जिवांचं काय होतं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या पिढ्यांचं काय होतं, एवढंच बघायचं होतं. म्हणून पहिल्या सहा टाक्यांतल्या गोगलगायींना दीड महिना रोज चांदीच्या पाण्याचे थेंब दिले. त्यांनी घातलेली अंडी लगेच उचलून स्वच्छ पाण्यात ठेवली. त्यातून निघालेल्यांनी अंडी घातली, तीही स्वच्छ पाण्यात. आज्या केव्हाच मेल्या. आया मेल्या. आता टाक्यांत होती ती नातवंडं, ज्यांना चांदीचा कणही कधी शिवला नव्हता. उरलेल्या सहा टाक्या साध्या. तिथे पहिल्या दिवसापासून नुसतं पाणी.

त्या मंगळवारी ते चहाचा कप हातात घेऊन आत आले, जे खरं तर नियमात बसत नव्हतं, आणि चौथ्या टाकीपाशी थांबले. पाण्यात एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या वर आल्या होत्या, पाण्याच्या रेघेच्याही वर, कोरड्या काचेला घट्ट चिकटून. श्वास घ्यायला गोगलगायी वर येतात. दोन येतात, तीन येतात. चोवीसच्या चोवीस येत नाहीत.

त्यांनी पाचवी टाकी पाहिली, सहावी पाहिली, मागे वळून पहिल्या तीनही पाहिल्या. तिथेही तेच. साध्या टाक्यांमध्ये मात्र सगळं रोजच्यासारखं, कोणी तळाशी, कोणी पानाच्या पाठीवर.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. साडेअकराच्या सुमाराला सगळ्या खाली उतरल्या. उतरताना शंख काचेला लागून बारीक टकटक झाली. बाहेरून कोणीतरी नखाने दार वाजवावं तशी.

२

बुधवारी तेच झालं. गुरुवारीही. मोजणीकाका भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास होता माणसांच्या लबाडीवर, कारण ती त्यांनी एकतीस वर्षं जवळून पाहिली होती. कोणीतरी पाण्यात काहीतरी घालत होतं, एवढं त्यांच्यापुरतं नक्की झालं.

खोलीची किल्ली त्यांच्याखेरीज दोघांकडे होती. एक डॉक्टरबाई, ज्यांचा हा प्रयोग. हुशार बाई, पण दोन वर्षं हाती काही लागलं नव्हतं आणि वरून विचारणा सुरू झाली होती. दुसरा कारखान्याचा माणूस. देखरेखीसाठी म्हणून तो आठवड्यातून दोनदा यायचा, उन्हाळ्यातही टाय लावायचा, म्हणून त्याला सगळे टायवाला म्हणत. बाईंना निकाल हवा होता आणि टायवाल्याला निकाल नको होता. टाकीत हात घालायला दोघांनाही कारण होतं.

त्यांनी कोणालाही काही न सांगता पहारा सुरू केला. झाकणांवर आडवी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेन्सिलीने अशा बारीक खुणा केल्या, की पट्टी काढून पुन्हा लावली तर खूण जुळणार नाही. सकाळी खुणा जशाच्या तशा. पाण्याचा नमुना शेजारच्या विभागातल्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतला. त्याने कागद परत देताना म्हटलं, "काका, हे पाणी आपल्या नळाच्या पाण्यापेक्षा चांगलं आहे. पिऊन टाका."

मग त्यांना घड्याळाचा संशय आला, घड्याळाच्या काट्याच्या आवाजाचा, खिडकीतून सरकणाऱ्या उन्हाचा. त्यांनी दोन टाक्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेल्या. तिथे खिडकी नव्हती. दिवा दिवसरात्र चालू ठेवला. घड्याळ बाहेरच ठेवलं, मनगटावरचं सुद्धा खिशात टाकलं, आणि स्टुलावर बसून राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग तळाशी असलेली एक हलली. तिच्यामागून दुसरी. घाई नव्हती, गडबड नव्हती. एकामागून एक त्या काच चढत गेल्या, पाण्याबाहेर आल्या, आणि मऊ अंग शंखाखाली ओढून घेऊन गप्प झाल्या. खाली पाणी स्वच्छ, नितळ, रिकामं. पाण्यात काहीतरी आहे आणि ते निघून जायची या वाट बघताहेत, असं काकांना वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

३

डॉक्टरबाई संगणकासमोर बसल्या होत्या. काकांनी दारातूनच विचारलं, "बाई, पहिल्या पिढीला थेंब किती वाजता घालत होतो आपण?"

"तुम्हीच तर घालायचात. अकरा दहाला." त्यांनी मान वर केली नाही. "सव्वाअकराला माझी मीटिंग असायची. त्याआधी तुम्ही थेंब घालून झाले म्हणून सांगायला यायचात."

हे काकांना आठवायला हवं होतं. वही त्यांचीच होती, हात त्यांचाच होता. डाव्या हाताने झाकण उचलायचं, उजव्या हाताने थेंब टाकायचे, वीस वीस. त्या पहिल्या गोगलगायी थेंब पडले की काच चढून बाहेर यायच्या, हेही त्यांनीच लिहिलं होतं. वीसेक मिनिटांनी परत उतरतात, असंही.

"का विचारलंत?" बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी खोलीत उभं केलं. बाईंनी सगळं पाहिलं, शेवटची गोगलगाय वर येईपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काकांनी ते टिपलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"दोन आठवडे झाले," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही काहीतरी करताय."

"मी?"

"किल्ली तुमच्याकडे असते, काका. मी टाक्यांना, तुम्हाला दिसणार नाहीत असे, बारीक दोरे बांधून ठेवले होते."

काकांनी झाकणावरची आपली चिकटपट्टी बोटाने दाखवली. मग बाई म्हणाल्या, "वहीत लिहू नका अजून. हे अहवालात कसं घालायचं? ज्यांना काही दिलंच नाही, त्यांना वेळ कळते, असं?"

काकांनी लिहिलं. शाईने लिहिलं आणि पुढे सही केली.

४

शनिवारी त्यांचा गुडघा धरला म्हणून ते दुपारीच घरी आले. इतक्या वर्षांत दुपारचं घर त्यांनी फारसं पाहिलेलंच नव्हतं. जावई दूरगावी कामाला असल्यामुळे लेक आणि चार वर्षांची नात त्यांच्याकडेच राहत. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. लेक आरशासमोर उभी राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होती. नात चिमी फरशीवर मांडी घालून डब्यांची झाकणं एकमेकांवर रचत होती.

अचानक चिमी उठली. झाकणं तशीच टाकून ती खुर्चीवर चढली आणि दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसली. खाली फरशीकडे बघत राहिली.

काकांनी पेपर खाली ठेवला. "काय गं, झुरळ आलं का?"

"नाही."

"मग?"

"खाली नको," चिमी म्हणाली.

"रोजचंच आहे तिचं," बायको घडी घालता घालता म्हणाली. "जरा वेळाने उतरेल. हिची आईही लहानपणी असंच करायची. तुम्हाला कुठलं माहीत, तुम्ही तुमच्या माशांत."

काकांनी भिंतीवर पाहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं. लेकीचा फोन संपला होता आणि ती पलंगावर बसली होती, आईच्या शेजारी. पाय वर घेऊन.

बायको त्या कारखान्यात अकरा वर्षं होती. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत कामाला जात होती. कारखान्यातल्या गोष्टी ती घरी फार सांगत नसे, आणि त्यांनीही कधी विचारल्या नव्हत्या. आता त्यांनी विचारलं, शक्य तितक्या सहजपणे, "तुमच्याकडे दुपारी काय असायचं गं? पावणेतीनच्या आधी?"

"हौद सोडायचे," ती म्हणाली. "लेपाचं पाणी. सगळ्या फरशीवर घोट्याएवढं यायचं, करड्या रंगाचं. पायाला खाज सुटायची. म्हणून आम्ही बायका बाकावर चढून बसायचो, पाणी ओसरेपर्यंत. तेवढाच आराम." ती हसली. "गप्पा काय रंगायच्या."

"हे तू चिमीला सांगितलंस कधी?"

"तिला कशाला सांगू?"

"आठव. खेळता खेळता, गोष्ट म्हणून?"

बायकोने हातातला कपडा खाली ठेवला. "अहो, तुम्ही मला असं का विचारताय? मी काय चोरी केलीय?"

रविवारी त्यांनी चिमीला बायकोपासून लांब नेऊन बघायचं ठरवलं. ती स्वयंपाकघरात असताना चिमीला घेऊन ते बाहेर पडले, लांबच्या बागेत गेले, जिथे घड्याळ नव्हतं आणि ओळखीचं कोणी नव्हतं. चिमी वाळूत खेळत होती. मध्येच ती उठली, आणि रांग मोडून, घसरगुंडीच्या पायऱ्या चढून वर जाऊन बसली. मागची मुलं ओरडत होती. ती घसरली नाही. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहायचं टाळलं. मग पाहिलं.

५

नात बघून बघून शिकली असेल, असं ते स्वतःला सांगत होते. आईचं बघून, आईने आजीचं बघून. गोगलगायींचंही तसंच असेल, एकीमागे दुसरी. बुद्धीला पटण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

म्हणून सोमवारी त्यांनी नातवंडांच्या टाकीतला अंड्यांचा एक ताजा पुंजका काचेच्या बशीत वेगळा काढला. आत जन्माला न आलेली पिल्लं होती. त्यांनी कोणाला पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. शेजारी साध्या टाकीतल्या अंड्यांची बशी. दोन्ही मायक्रोस्कोपखाली.

गोगलगायीचं पिल्लू अंड्यात गोल फिरत असतं. सावकाश, न थांबता. काकांना ते बघायला नेहमी आवडायचं, अंगाईच्या लयीत फिरणारे ते छोटे ठिपके. त्या दिवशी ते अकरापासून डोळा लावून बसले.

चांदीच्या घराण्यातले ठिपके थांबले. एक नाही, सगळे. जणू कोणी आतून श्वास रोखून धरला. शेजारच्या बशीतले फिरतच होते.

काकांनी डोळा काढला आणि आपला श्वासही थांबला होता हे त्यांच्या लक्षात आलं.

६

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. कारखान्यातून तिला पत्र आलं होतं. जुन्या कामगारांच्या मुलींना आधी घेणार होते, आणि ती हरखून गेली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, मी गोगलगाय आहे का?"

"तसं नाही गं."

"गुरुवारी नुसती माहिती देणार आहेत. ऐकून येते. तुम्ही म्हणता तसं काही असतं तर मला कळलं नसतं का?"

गुरुवारी ती गेली आणि तिच्या मागोमाग काकाही गेले. पहारेकऱ्याने वयाकडे बघून त्यांना व्हरांड्यात बसू दिलं. व्हरांड्याला मोठी काच होती आणि काचेपलीकडे नवाकोरा हॉल. पांढरी फरशी, अजून यंत्रंही बसवलेली नव्हती, एक नळसुद्धा नव्हता. तीस-पस्तीस तरुण मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. समोर टायवाला उभा राहून हातवारे करत बोलत होता. आवाज बाहेर येत नव्हता.

काकांनी या वेळी घड्याळावरून नजर काढलीच नाही.

वेळ झाली. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि आपल्याच खुर्चीवर चढली. मग मागची एक. मग त्यांची लेक, पदर सावरत, बस पकडावी इतक्या सहजपणे. काहींनी खुर्चीवरच पाय घेतले, काही टेबलाच्या कडेवर बसल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली, फरशीवर. काकांनी सवयीने मोजल्या. चौदा.

बाकीच्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या. एक जण हसू लागली आणि मग तिचं हसू विरलं. टायवाल्याचा हात हवेतच राहिला. त्याने त्या चौदा जणींकडे पाहिलं, मग त्या जिथे बघत होत्या तिथे, फरशीकडे. आणि तो दोन पावलं मागे सरकला.

तीन वाजता लेक बाहेर आली. "तुम्ही इथे कसे?"

"मध्ये उठला होतात ना तुम्ही मुली?" काकांनी विचारलं.

"कुठे? खुर्चीवरून हललेही नाही. तो बोलतोय बोलतोय." ती दोन पावलं चालली आणि थांबली. "शेजारची मात्र सारखी विचारत होती, पायाला काय झालं म्हणून." तिने खाली आपल्या चपलांकडे पाहिलं. "बाबा, किती जणी होतो आम्ही?"

"तू धरून चौदा."

तिने पर्समधलं पत्र काढलं, पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवलं, आणि घराच्या दिशेने चालू लागली.

७

उरलेल्या तेरा जणी सोमवारपासून कामावर जाणार होत्या. काकांनी चेहऱ्यांचं वर्णन केलं तशी बायको ओळखत गेली. ही टोकाच्या हौदावरच्या बाईची, ही घड्या घालणारीची, ही त्या बोबड्या मुकादमिणीची.

"मी त्या पाण्यात उभी राहिले, ते माझ्या पोरीला लागलं," ती म्हणाली. "तेव्हा कोणी काही सांगितलं नाही हो."

"मलाही कुठे ठाऊक होतं? चांदीचे थेंब मीसुद्धा घातलेच की. रोज, वेळेवर."

तिने डोळे पुसले आणि चपला घातल्या. "चला. त्यांच्या आयांना मी सांगते. माझं ऐकतील."

शुक्रवारी दुपारी दोघं निघाले. पहिलं घर तिच्या जुन्या मैत्रिणीचं होतं, बाकावर कायम हिच्या शेजारी बसणारी. तिसरा मजला, दार उघडंच. जिना चढताना काकांचा गुडघा बोलत होता, त्यामुळे ते दर मजल्यावर थांबत होते, आणि वर पोचेपर्यंत अडीच वाजून गेले होते. त्यांनी मनात वाक्यांची जुळवाजुळव केली होती. आधी गोगलगायींचं सांगायचं नाही. आधी पाण्याचं सांगायचं.

दारातून त्यांना खोली दिसली. नीटनेटकी, उजेडाची खोली. भिंतीला लागून विटांवर उंच केलेला पलंग. त्यावर मैत्रीण, तिची सोमवारी कामाला जाणारी मुलगी, आणि तीन लहान मुलं, अगदी धाकटं मांडीवर झोपलेलं. मुलगी शेंगा सोलत होती. मुलं वह्या घेऊन अभ्यास करत होती. टीव्ही भिंतीवर वरच्या अंगाला लावलेला होता. फरशीवर एकही वस्तू नव्हती, पायपुसणंसुद्धा नाही. आणि दारापासून पलंगापर्यंत चार लाकडी स्टुलं एका ओळीत मांडलेली होती, पाऊल टाकण्याइतक्या अंतरावर.

मैत्रिणीने बायकोला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तू? किती वर्षांनी. या ना, या." तिने पलंगावर सरकून जागा केली. "बोलू मग. आधी दोघं पाय वर घेऊन बसा बघू."

फरशी ठणठणीत कोरडी होती. काकांनी ती पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी पहिल्या स्टुलावर पाऊल ठेवलं.